वाचकांचे प्रश्न: ओरडल्यावर चुका खरंच कमी होतात का?

कामगिरी मोजणं आणि फीडबॅक देणं या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला. जागा तेवढी नाही म्हणून सात निवडलेत, आणि पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिलीये कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत निदान दहा जणांनी विचारलाय. नावं कोणाचीच छापत नाही, उगाच कोणाच्या साहेबांनी वाचायला नको.

ताई, माझ्या हाताखाली अकरा जणांची टीम आहे, ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम. दर सोमवारी मी मागच्या आठवड्यातल्या चुकांचा आकडा काढतो. सगळे सांगतात कौतुक करा, प्रोत्साहन द्या. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. चुका वाढल्या की मी ओरडतो आणि पुढच्या आठवड्यात त्या कमी होतात, कमी झाल्या म्हणून कौतुक केलं की लगेच वाढतात. डेटा आहे माझ्याकडे, शेवटचे दहा आठवडे सोबत पाठवतोय. मग पुस्तकी सल्ला ऐकू का डोळ्यांना दिसतंय ते मानू?

तुमचा डेटा खरा आहे हो, त्यातून काढलेला अर्थ तेवढा चुकलाय. आणि असं चुकणारे तुम्ही पहिले नाही. डॅनियल काहनमन, ज्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरांना शिकवत होते, विषय हाच, की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस लवकर शिकतो. तर एक मुरलेला इन्स्ट्रक्टर उभा राहिला आणि म्हणाला असलं काही नसतं, एखाद्याने कसरत मस्त केली म्हणून शाबासकी दिली की पुढच्या वेळी तो माती खातो, आणि वाईट केली म्हणून झापलं की सुधारतो. अगदी तुमचंच पत्र. काहनमननी वाद घातला नाही, जमिनीवर खडूने खूण केली आणि सगळ्यांना तिच्याकडे पाठ करून दोनदा नाणं टाकायला सांगितलं. पहिल्या वेळी ज्याचं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं त्याचं दुसऱ्या वेळी बहुतेक लांब गेलं, ज्याचं लांब पडलं होतं त्याचं जवळ आलं. मध्ये ना कोणी शाबासकी दिली होती ना कोणी झापलं होतं.

म्हणजे काय, तर ज्या गोष्टीत नशिबाचा थोडा वाटा असतो (आणि चुकांच्या आकड्यात तो भरपूर असतो, कोणी रजेवर, कधी कॉल जास्त, कधी सिस्टिम स्लो) तिथे फार वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा बरा जातो आणि फार चांगल्यानंतरचा जरा घसरतो. १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टनला हेच आईवडलांच्या आणि मुलांच्या उंचीत दिसलं होतं, फार उंच आईवडलांची मुलं उंच असतात पण सरासरी त्यांच्याइतकी नाही. तुम्ही ओरडता कधी, आकडा सगळ्यात वाईट असताना. तिथून तो खालीच येणार असतो, श्रेय तुमच्या आवाजाला जातं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. वाईट याचं वाटतं की या खेळात मॅनेजर दर आठवड्याला एकच धडा शिकत जातो, झापणं चालतं आणि कौतुक चालत नाही, आणि वीस वर्षांनी असा माणूस तयार होतो ज्याच्या केबिनमध्ये जायला लोक घाबरतात.

आता तुमचे आकडे घेऊ: २२, १८, २५, २०, १७, २४, २१, १९, २६, १८. सरासरी २१. मग दर दोन शेजारच्या आठवड्यांतला फरक काढा, प्लस मायनस सोडून द्या, म्हणजे ४, ७, ५, ३, ७, ३, २, ७, ८, आणि त्यांची सरासरी येते साधारण ५.१. हिला २.६६ ने गुणायचं (हा या पद्धतीतला ठरलेला आकडा आहे), झाले १३.६. हे सरासरीत मिळवलं तर जवळपास ३५ आणि वजा केलं तर जवळपास ७. याचा अर्थ असा की तुमचं काम आत्ता ज्या पद्धतीने चाललंय त्या पद्धतीत आठवड्याला ७ ते ३५ मधला कुठलाही आकडा काही विशेष न घडता येऊ शकतो. २६ ला तुम्ही ओरडलात, १८ ला कौतुक केलंत, दोन्ही वेळा काहीच घडलेलं नव्हतं!

याला कंट्रोल चार्ट म्हणतात, मूळ कल्पना वॉल्टर शूहार्ट यांची, वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना १६ मे १९२४ ला त्यांनी साहेबांना एक छोटासा मेमो लिहिला आणि त्यात तो पहिला चार्ट होता. शंभर वर्षं झाली आणि अजून ऑफिसात लोक मागच्या आठवड्याचा आकडा लाल आणि या आठवड्याचा हिरवा करून मीटिंगा घेतात. असो.

तुम्ही एवढंच करा, एक्सेलमध्ये तीन आडव्या रेघा मारा, ७, २१ आणि ३५ वर. आकडा बाहेरच्या रेघेच्या पलीकडे गेला किंवा सलग आठ आठवडे सरासरीच्या एकाच बाजूला राहिला तर काहीतरी खरंच बदललंय, तेव्हा जाऊन विचारा काय झालं. एरवी ओरडू नका, पेढे पण वाटू नका. आणि सरासरी खाली आणायची असेल तर कामातली एक गोष्ट बदला, म्हणजे समजा सगळ्यात जास्त चुका ज्या फॉर्ममध्ये होतात तो फॉर्म, चार्टवर त्या तारखेला उभी रेघ मारा आणि दोन महिने थांबा. ओरडण्याचा परिणाम तपासायचा असेल तर तोही असाच तपासा, दोन महिने अजिबात ओरडू नका. माझी पैज आहे की रेघ हलणार नाही.

यंदाच्या अप्रेझलमध्ये मला पाचपैकी अडीच मिळाले आणि कारण लिहिलंय "ऍटिट्यूडमध्ये सुधारणा हवी, ओनरशिप कमी". साहेबांना विचारलं नेमकं काय सुधारू तर म्हणाले तुला कळायला पाहिजे. ताई, मला खरंच कळत नाहीये.

कळणारच नाही, त्यात तुझा दोष नाही. ऍटिट्यूड कोणाला दिसत नाही गं, दिसतं ते वागणं. ओनरशिप कमी म्हणजे काय, क्लायंटच्या मेलला उत्तर उशिरा जातं? काम अडलं की सांगत नाहीस? मीटिंगमध्ये गप्प बसतेस? यातलं प्रत्येक मोजता येतं आणि बदलता येतं. मी एक साधी कसोटी वापरते, दोन माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बसून तुझ्याकडे आठवडाभर बघत असतील तर त्या दोघांची मोजणी जुळेल का. वर्तनाचा अभ्यास करणारे लोक साधारण ८० टक्के तरी जुळणी झाल्याशिवाय तो डेटा वापरायलाच धजत नाहीत. "ओनरशिप"ची मोजणी जुळवून दाखव म्हणावं कोणीतरी.

आणि त्या अडीचचं फार मनाला लावून घेऊ नकोस. २००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ या तिघांनी मॅनेजर लोकांना मिळालेल्या हजारो रेटिंगचं विश्लेषण केलं, तर दोन डेटासेटमध्ये रेटिंगमधला ६२ आणि ५३ टक्के फरक हा रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या खोडीमुळे होता, कोण हात सैल सोडून मार्क देतो, कोण कंजूष, कोणाला काय आवडतं. म्हणजे कागदावर नाव तुझं आणि अर्ध्याहून जास्त माहिती साहेबांची.

साहेबांकडे परत जा पण "काय सुधारू" विचारू नकोस, तो प्रश्न फार मोठा आहे, त्याला तसलंच मोठं उत्तर येतं. विचार, "सर, शेवटचं असं कधी वाटलं तुम्हाला, त्या दिवशी मी काय केलं आणि काय करायला हवं होतं?" एक प्रसंग निघाला की धागा सापडतो. मग त्यांच्याच शब्दात दोन गोष्टी लिहून मेल कर, म्हणजे समजा "काम अडलं तर त्याच दिवशी कळवणं", आणि महिनाभराने किती वेळा अडलं आणि किती वेळा त्याच दिवशी कळवलं ते दाखव. पुढच्या अप्रेझलला ऍटिट्यूडबद्दल बोलायला त्यांना जरा जड जाईल.

आम्ही बराच खर्च करून मोठा डॅशबोर्ड लावला, ३४ केपीआय (म्हणजे कामगिरी मोजायचे आकडे) आहेत, रोज अपडेट होतो. सहा महिन्यांत काहीही सुधारलं नाही. डेटा आहे, ऍनालिसिस आहे, मग अडतंय कुठे?

तो डॅशबोर्ड बघतं कोण हो? पत्रात तुम्ही लिहिलंय की तो मॅनेजमेंटच्या फ्लोअरवर आहे. तिथेच अडतंय. काम करणारा एका फ्लोअरवर आणि त्याच्या कामाचा आकडा दुसऱ्या फ्लोअरवर.

एमरी एअर फ्रेट नावाची मालवाहतूक कंपनी होती, तिथलं उदाहरण या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे, १९७३ मध्ये छापून आलं. छोटी पार्सलं एकत्र करून मोठ्या कंटेनरमध्ये भरली की पैसे वाचतात, आणि कामगारांना विचारलं तर ते म्हणायचे आम्ही ९० टक्के वेळा कंटेनर वापरतो. मोजलं तर ४५ टक्के निघालं. कोणी खोटं बोलत नव्हतं, त्यांना मनापासून तसं वाटत होतं. मग कंपनीने काय केलं, तर भरणाऱ्यालाच एक यादी दिली, प्रत्येक वेळी कंटेनर वापरला की स्वतः खूण करायची आणि शिफ्ट संपली की आपला टक्का आपणच काढायचा, वर सुपरवायझरने सुधारणेचं कौतुक करायचं. आकडा ९५ टक्क्यांवर गेला आणि बऱ्याच ऑफिसांत तर एका दिवसात गेला. डॅशबोर्ड नाही, ३४ केपीआय नाही, एक कागद आणि एक पेन.

असंच एका हॉस्पिटलच्या आयसीयूमधलं, त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हात धुण्याचं प्रमाण व्हिडिओवरून मोजलं, १० टक्क्यांच्याही खाली निघालं, आणि लक्षात घ्या की कॅमेरे लागलेले होतेच, नुसतं मोजून काही झालं नाही. मग जिथे स्टाफची ये-जा असते तिथेच स्क्रीनवर आकडा जवळपास लगेच दिसायला लागला तेव्हा ते ८१.६ टक्क्यांवर गेलं आणि पुढेही टिकलं.

तुमचे ३४ कापून प्रत्येक टीमला एक किंवा दोन द्या, तेही त्यांनाच निवडू द्या, आणि आकडा त्याच दिवशी त्यांच्यासमोर येऊ द्या. महिन्याच्या शेवटी येणारा रिपोर्ट म्हणजे वरातीमागून घोडं. आणि एक कृपा करा, नावांची क्रमवारी लावू नका. मी स्वतः ऐन उमेदीत एका गोदामात सुपरवायझर होते, तेव्हा मोठ्या हौसेने नावांचा बोर्ड लावला होता, चुका कमी त्याचं नाव वर. तीन आठवड्यांत चुका निम्म्या झाल्या, मी खूश! नंतर मालाची मोजणी झाली तेव्हा कळलं की चुका होत्या तेवढ्याच, लोक नोंदवतच नव्हते. तळाला ज्याचं नाव असायचं तो सगळ्यात प्रामाणिक माणूस होता. अजून आठवलं की लाज वाटते.

माणसाला कळलं की आपल्यावर लक्ष आहे की तो चांगलं वागतोच. मग मोजमापाला अर्थ काय?

तुम्ही म्हणताय तो हॉथॉर्न इफेक्ट. १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात (हाही वेस्टर्न इलेक्ट्रिकचाच, शूहार्टवाला) दिवे कमी जास्त करून बघितले आणि म्हणे उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं. गोष्ट छान आहे म्हणून सगळ्यांना पाठ आहे. पण २०११ मध्ये लेविट आणि लिस्ट यांनी त्या दिव्यांच्या प्रयोगांचा जुना डेटा शोधून परत तपासला, तर गोष्टीत सांगतात तसला जोरदार परिणाम त्यात सापडला नाही. वरचं आयसीयूचं बघा ना, कॅमेरे होते तरी १० च्या खाली. सुरुवातीचे काही दिवस लोक जरा सावध वागतात हे खरंय, त्यासाठी पहिले दोन आठवडे बेसलाइनमध्ये (म्हणजे ज्याच्याशी पुढे तुलना करायची त्या सुरुवातीच्या आकड्यात) धरू नका, संपलं.

आमच्यात एक फार अनुभवी सिनियर आहेत. मी त्यांना अतिशय नीट, विचार करून फीडबॅक दिला आणि त्यांचं काम चक्क बिघडलं. मी काय चुकले?

कदाचित काहीच नाही, कदाचित एकच शब्द. क्लूगर आणि डिनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र केले, ६०७ निष्कर्ष, २३ हजारांच्या वर निरीक्षणं. सरासरी बघितली तर फीडबॅकने काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट घसरलं. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकने लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की घोटाळा होतो, माणूस काम सुधारायच्या ऐवजी स्वतःला सावरायला लागतो. तुमच्या पत्रात तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." बघा, त्यात काम कुठेच नाही, ते स्वतःच आहेत फक्त. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे वाक्य सात रात्री झोपू देत नाही.

त्यांना आकडा द्या आणि गप्प बसा. "मागच्या महिन्यात १२ पैकी ५ रिपोर्ट परत आले, हे ते पाच" एवढंच, आणि कागद त्यांच्याकडे ठेवून या. अनुभवी माणसाला कारण तुमच्याआधी सापडतं.

टार्गेट दिलं की लोक आकड्यांशी खेळतात. कॉल लवकर संपवा म्हटलं तर मध्येच कापतात. मग टार्गेट द्यायचंच नाही का?

चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं त्याचा सोपा अर्थ हाच, माप टार्गेट झालं की ते माप म्हणून निकामी होतं. पण टार्गेट नेहमीच वाईट असंही नाही. त्याच १९७५ मध्ये लॅथम आणि बाल्डिस यांनी लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांचा अभ्यास छापला, आधी "जमेल तेवढं चांगलं करा" सांगितलं होतं आणि ट्रक कायदेशीर वजनाच्या साधारण ६० टक्केच भरून जायचे. मग ९४ टक्के हे स्पष्ट लक्ष्य दिलं आणि सांगितलं की नाही जमलं तरी शिक्षा नाही. पहिल्या महिन्यात ८० वर गेलं, दुसऱ्यात ७० वर आलं, आणि गंमत म्हणजे चालक मुद्दाम बघत होते की शिक्षा नाही म्हणालेत ते खरं का! काही झालं नाही म्हटल्यावर तिसऱ्या महिन्यात ९० वर गेलं आणि तिथेच राहिलं.

तुमच्याकडे दुसऱ्या महिन्यात काय झालं असतं याचा विचार करा. बाकी कॉलच्या वेळेसोबत "त्याच ग्राहकाचा आठवड्यात परत कॉल आला का" हे लावा, म्हणजे कापलेला कॉल दुसऱ्या रकान्यात निघतो. आणि निदान सुरुवातीला तरी इन्सेंटिव्ह त्याला जोडू नका, पैसे जोडले की माणूस रकाना भरायला शिकतो.

फीडबॅक सुरू केला, छान सुधारणा झाली, सवय लागली म्हणून बंद केला तर ये रे माझ्या मागल्या. असं का?

कारण सवय लागलीच नव्हती. १९७८ मध्ये कोमाकी आणि सहकाऱ्यांनी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात सुरक्षित वागणुकीचं प्रमाण मोजलं, ते तक्त्यावर दाखवून कौतुक करायला सुरुवात केली, तर एका विभागात ७० वरून जवळपास ९६ टक्के झालं, दुसऱ्यात ७८ वरून ९९. तक्ता आणि कौतुक थांबवलं आणि दोन्हीकडे आकडा परत सत्तरीच्या आसपास आला. यात लोकांचा काही दोष मला दिसत नाही, गाडी चालवताना स्पीडोमीटर झाकून ठेवलं तर आपलंही तेच होईल. रोजचं जमत नसेल तर आठवड्यातून एकदा करा, दोन मिनिटांत होईल एवढं छोटं करा, आणि मोजायचं काम आळीपाळीने टीमलाच द्या, कारण तुम्ही रजेवर गेलात की पहिल्यांदा तेच बंद पडतं.